पाखरीचं जाळं

खोडद, ९ फेब्रुवारी २०२५

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर मला निम्मं ऐकू येत न्हाई, म्हणून लिवतोय. तू पाठवलेलं गवताचं जाळं एसटीच्या कंडक्टरनं आणून दिलं. तुज्या आईनं आदी त्यात कांदे भरून पायलं. मग तुजी चिठ्ठी वाचली. पाखरी घाईघाईनं गवत गिळती आन मग पोट दुखून लोळती, तवा बारक्या भोकांतनं तिला हळूहळू ओढून खाऊ द्यायचं, एवढं कळलं. दोन दिस घोडी जाळ्याकडं बघायची आन मग माज्याकडं.

पण जाळं सुतळीला बांधा, जोरात ओढलं की सुतळी तुटली पायजे, असं तू लिवलंयस. तुटायचंच तर बांधायचं कशाला, पोरी? उभा जन्म मी न तुटणाऱ्या गाठी मारल्या. म्हणून दुहेरी नायलॉननं खाली खुंट्याला आवळलंय. चैत्रातल्या यात्रेत गाड्याच्या बैलांपुढं पाखरीच पळणार. तिला काय झालं तर आपला गाडा शर्यतीच्या घाटात उतरायचा न्हाई.

माया हाय तशी राहू दे.
तुजा अण्णा

पुणे, १४ फेब्रुवारी

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ते नायलॉन आधी सोडा. पाखरीच्या खुरांना नाल ठोकलेली आहे. रिकामं जाळं खाली लोंबतं, त्यात नाल अडकते आणि घाबरलेली घोडी सगळ्या ताकदीनं ओढते. सुतळी असली तर सुतळी तुटते, नाहीतर पाय मोडतो. जाळं वर कडीला बांधा. रिकामं झाल्यावरही तिच्या छातीच्या खाली यायला नको. खाताना तोंडावरची मोरकी काढून ठेवा.

इथल्या रायडिंग स्कूलमध्ये मी रोज वीस घोड्यांची जाळी बांधते. तुम्हाला तो पोरखेळ वाटतो, ठाऊक आहे. गेल्या यात्रेत पाखरीवर मी बसते म्हणाले, तर मुलीची जात म्हणून तुम्ही नको म्हणालात, आणि मी रागानं इकडे आले. अजून वाईट वाटतं. माझ्यासाठी नाही, निदान पाखरीसाठी तरी ऐका.

आईला नमस्कार. राग असला तरी पत्र धाडत जा.
आपली वृषाली

खोडद, १९ फेब्रुवारी

चि. वृषालीस आशीर्वाद वि. वि.

जाळं वर बांधलं. गच्च भरून मोजलं, छातीच्या वरच येतंय. मोरकी बी काढली. सुतळीचं मातर काय डोक्यात शिरंना. गाड्याचे भागीदार बाळासाहेब यांना इचारलं. ते हसले आन म्हणले, आता पोरीला इचारून गाठी मारायच्या का. म्हणून नायलॉन राहू दिलंय. राग मानू नगंस.

तुजा अण्णा

खोडद, २० फेब्रुवारी

चि. वृषालीस आईचे आशीर्वाद.

हे पत्र अण्णांना ठाऊक न्हाई, म्हणून चारच ओळी. काल ते तुला लिवलेलं पत्र टाकाया गेले तवा मी जाळं सुतळीला बांधलं आन वरनं नायलॉन नुसतं गुंडाळून ठेवलंय. का बांधायचं ते मलाबी नीट कळलं न्हाई. पण तू घोड्यांत राहतीस आन बाळासाहेब खुर्चीत. जेवत जा येळंवर.

आई

खोडद, २ मार्च

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद वि. वि.

परवा सकाळी पाखरी खिंकाळली म्हणून गोठ्यात पळालो. जाळं रिकामं होऊन तिच्या गुडघ्यापातुर लोंबत व्हतं. मी भरलेलं मोजलं, तितंच चुकलो. भुकेनं तिनं पाय उगारला व्हता आन नाल भोकात अडकली व्हती. मी पोचायच्या आत तिनं असा हिसडा मारला की आता पाय गेला म्हणून मी डोळेच मिटले. उघडले तर घोडी चारी पायांवर उभी, जाळं नायलॉनसकट खाली पडलेलं, आन कडीला सुतळीचा तुकडा.

सुतळी कुठनं आली? मी तर नायलॉन बांधलं व्हतं. तुज्या आईला इचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणली, मला काय म्हाईत. घरात आमी दोघंच. दोन दिस इचार करतोय, काय मेळ लागंना.

काल बाळासाहेबांना सांगून आलो, यंदा गाड्यापुढं पाखरीवर वृषाली बसंल. ते लई बोलले. मी म्हणलं, मला ऐकू येत न्हाई.

येताना सुतळीचा गुंडा आण, आन तुटणारी गाठ कशी मारायची ते मला दाव.

वाट बघणारा,
तुजा अण्णा