रविवार सकाळचा मुलांचा कार्यक्रम

अप्पा, परवा माझा रिपोर्ट आला. गाठ साधीच निघाली. घरात सगळ्यांना सांगून झालं, मग वाटलं, तुम्हालाही सांगावं.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, ते तुम्हालाच कळेल. दुपारी नातवासाठी टीव्ही लावायचा. त्यात एक कापडी ससा आपली टोपी शोधत एकेकाच्या दारी जातो, जो तो त्याला आत बोलावतो, आणि गोष्ट सांगणारी बाई अजिबात घाई करत नाही. नातू झोपून जायचा, मी बघत बसायचे. तेवढा वेळ रिपोर्ट आठवायचा नाही. अशाच एका दुपारी तुम्ही आठवलात, सोलापूरच्या आपल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले.

मी तेव्हा चौथीत होते. गिरणीत शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, सूत घेऊन पळणारा लाकडी धोटा उडाला आणि तो साचा चालवणाऱ्या तुमच्या मित्राच्या डोळ्याला लागला. तुम्हीच त्यांना उचलून दवाखान्यात नेलंत. त्यानंतर तुम्ही कामावर जाईनासे झालात. एरवी साच्यांच्या खडखडाटात ओरडून बोलायची तुमची सवय घरातही सुटायची नाही. तुम्ही मीठ मागितलं तरी आम्ही दचकायचो. आता घर गप्प झालं. तुमच्या हातातली कपबशी तेवढी वाजायची. वाढलेलं ताट आई तसंच उचलून ठेवायची.

अशाच एका रविवारची सकाळ. आम्ही भावंडांनी रेडिओवर मुलांचा कार्यक्रम लावला आहे. त्यातल्या ताई विचारतायत, चिमणी आंघोळ कशी करते? एक मुलगा सांगता सांगता अडखळतो, ताई थांबून राहतात. तुम्हाला त्रास नको म्हणून धाकटा रेडिओ बंद करायला उठतो, तर तुम्ही नुसता हात वर करता. चुलीपाशी बसलेली आई वळून बघते आणि ओठांवर बोट ठेवते. कार्यक्रम संपल्यावर तुम्ही भाकरी मागितलीत. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पोटभर जेवलात.

पुढं दर रविवारी तेच. एकदा ते मित्र डोळ्याला पट्टी बांधून आले. डोळा वाचला होता. तुम्ही त्यांना चटई टाकलीत आणि रेडिओ थोडा मोठा केलात. ते हसले.

"पोरांचं हाय की हे."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "पन तितं कुनी कुनावर वरडत न्हाय."

दोघंही शेवटपर्यंत ऐकत बसलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा घेऊन गिरणीत गेलात. वळणावर दिसेनासे होईपर्यंत आई दारात उभी होती. मग आत आली आणि अजून अंघोळी का नाहीत म्हणून आमच्यावर खेकसली. किती तरी दिवसांनी ती रागावली होती. आम्हाला फार बरं वाटलं.

हे कागद मी कुठं धाडणार नाही, कपाटात साड्यांखाली राहतील. एक मात्र सांगते. सोमवारपासून नातवाची शाळा दिवसभराची झाली. दुपारी टीव्ही तरीही चालू असतो. सून विचारते, तेव्हा मी म्हणते, असू दे गं, तो येईलच इतक्यात.