म्हणे चाल बसवतोय

१२ डिसेंबर
पुन्हा तेच! कानात हेडफोन, गोपाल अंगणात, डोळे भरलेले. विचारलं तर म्हणे, "नव्या नाटकाची चाल बसवून राह्यलो." पंधरा वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतोय माझा नवरा. चाल बसवताना रडलेला कधी पाहिला नाही.

१३ डिसेंबर
तो दिवसभर ऐकतो तो गाण्यांचा अल्बम निशाने दिला. निशा म्हणजे कंपनीची यंदाची हिरोईन, नागपूरची. हे सांगितलं ढोलकीवाल्या सुनिलने, नवऱ्याने नाही. बरं! पाणी कुठे मुरतंय ते कळलं.

१६ डिसेंबर
फोन चार्जिंगला लावून तो बाजारात गेला. घेतला मी! अकरा गाणी, एकाच बाईची, सगळी इंग्रजी. शेजारची पुनम कॉलेजात आहे, तिला ऐकवलं. "याले सोल म्युझिक म्हणते, काकू. लय भारी हाय."

भारी! मला शिव्या घालायच्या होत्या. पण चौथ्या गाण्यात ती बाई मधेच थांबते, नुसता श्वास ऐकू येतो, मग हळूच पुन्हा धरते – आणि तांदूळ निवडता निवडता माझा हात थांबला. एक शब्द कळला नाही, तरी रडले. असलं गाणं कुणी कुणाला उगाच देत नाही.

१७ डिसेंबर
भाजीत मीठ जास्त. मुद्दाम!

१९ डिसेंबर
डब्याचं निमित्त करून नागभीडहून वडशाला गेले, तालमीच्या हॉलवर. रंगेहाथ पकडणार होते. निशा कोपऱ्यात वडा खात बसलेली. गोपाल ऑर्गनवर, तेच चौथं गाणं गात होता. शब्द मात्र आपले – "बा, दार उघड, मी उभा हाय…"

सुनिलची ढोलकी थांबली. निशा डोळे पुसत म्हणाली, "ताई, हे नाटकात नव्हतंच. मी दिलेल्या गाण्याच्या चालीवर स्वतःच्या बाबांसाठी लिहिलं त्यांनी."

बाबा म्हणजे माझे सासरे लटारू, धानोऱ्याचे. परजातीची सून म्हणून बारा वर्षांपूर्वी मला अंगणातूनच हाकललं. गोपालने तेव्हापासून तिथे पाय ठेवला नाही. माझ्यासाठी!

बाई नाही, बाप निघाला. हायसं वाटायला हवं होतं. डबा न देताच परतले.

२० डिसेंबर
दिवाळीत धानोऱ्याहून गोपालचा चुलतभाऊ इसरू आला होता. या वहीतही लिहिलं नाही मी. "वहिनी, बुढा लय बिमार हाय. गोपालचंच नाव घेऊन राह्यला. धाडा त्याले." चहा पाजला, हो म्हटलं. गोपालला सांगितलं नाही.

आज सांगितलं. तो तसाच गाडी काढून धानोऱ्याला निघाला.

मागोमाग मी इसरूला फोन लावला. "आता काऊन, वहिनी? बुढ्याची तेरवी होऊन आठ दिस झाले. निरोप देऊनही गोपाल आला नाई, म्हणून कळवलं नाई आमी."

गोपाल अजून रस्त्यातच असेल.