मुळापासून रशियन

८ जानेवारी २००६, रविवार. ब्रॅकनेल, इंग्लंड.
आज रशियनचा श्रीगणेशा. इथलं प्रोजेक्ट ३१ मार्चला संपतंय. मग एक तर पुण्याला परत जाऊन प्रोजेक्टविना बेंचवर बसायचं, नाहीतर वर्षभर मॉस्कोला क्लायंटकडे. जागा एकच. आमची मॅनेजर नीना म्हणाली, जाणाऱ्याला कामापुरतं रशियन बोलता आलं पाहिजे. मार्चमध्ये क्लायंटच्या गालिनाबाई येणार आणि स्वतः माणूस निवडणार. म्हणजे दोन महिने. मला पुरेत. दहावीला संस्कृतात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव होते, आणि त्यासाठी कोणाशी एक वाक्यही बोलावं लागलं नव्हतं. भाषा हा स्कोअरिंग विषय आहे. फक्त पद्धत पाहिजे.
पद्धत ठरली: आधी शब्दांची मुळं, मग शब्द, मग वाक्यं आपोआप. दोनशे पानी वही आणली. शिल्पाने विचारलं, काय काय लिहिलंत? म्हटलं, आज समास आखले.

१४ जानेवारी, शनिवार
संक्रांत. स्लाऊहून तीळगूळ आणला. लायब्ररीने व्युत्पत्तीचा जाडजूड कोश मागवून दिला. काय खजिना आहे! अस्वलाला रशियनमध्ये मेदवेद म्हणतात, म्हणजे मध खाणारा. जुन्या लोकांना अस्वलाचं खरं नाव घ्यायचीच भीती वाटायची म्हणे. त्यातला 'मेद' आणि आपला मधु एकाच कुळातले. धावत जाऊन शिल्पाला सांगितलं. ती म्हणाली, मार्चमध्ये ऑफिसात अस्वल येणार आहे का?

२३ जानेवारी, सोमवार, सकाळी ७.१०
झोप नीट नाही. माझा ज्युनिअर अजय यानेही मॉस्कोसाठी नाव दिलंय. गाडीत रशियन शिकायची सीडी लावतो. लंचला 'मला सूप हवंय', 'स्टेशन कुठे आहे' असली वाक्यं बडबडत असतो. म्हटलं, बाबा रे, दिवसभर आभार मानत स्पासीबा स्पासीबा करतोस, त्याचं मूळ माहीत आहे का? 'देव तुला तारो'! नव्हतं माहीत. माहितीबद्दल पुन्हा स्पासीबा म्हणाला. पाया कच्चा. कीव आली.

५ फेब्रुवारी, रविवार
संकल्प: रोज दहा वाक्यं. आज 'नेदेल्या' या शब्दावर अडकलो. आता त्याचा अर्थ आठवडा. पूर्वी अर्थ होता रविवार, आणि त्याच्याही मुळाशी 'काही न करण्याचा दिवस'. सगळा रविवार त्यातच गेला. वाक्यं उद्यापासून.

६ फेब्रुवारी
सर्दी.

७ फेब्रुवारी
सर्दी बरी. पण घसा धरलाय, उच्चार बिघडतील. वाक्यं नकोत.

१९ फेब्रुवारी, रविवार
वहीची एकशे बारा पानं भरली. वाक्यं शून्य, पण ती काय, वरवरची गोष्ट. आज डॉक्टर झाला: व्राच. मुळात म्हणे मंत्र पुटपुटणारा माणूस. एवढा मोठा इतिहास रोज तोंडात घेऊन फिरतात आणि कोणाला पत्ता नाही!
नागपूरला बाबांना फोन केला. मॉस्कोचं जवळजवळ नक्की, असं बोलून गेलो. त्यांनी आळीभर सांगितलंसुद्धा.
वयाची चव्वेचाळीस पूर्ण. बढतीत दोनदा डावलला गेलोय. पुण्यात परत गेलो तर कालच्या पोरांच्या हाताखाली बसावं लागेल. भीती वाटते. हे लिहायला नको होतं. म्हणून कोशात खिडकी काढून बसलो: ओक्नो. डोळ्यावरून आलेला शब्द. जरा बरं वाटलं.

७ मार्च, मंगळवार
उद्या गालिनाबाई. सकाळपासून घरात येरझाऱ्या. शिल्पा म्हणाली, अहो, निदान माझ्यासमोर दोन वाक्यं बोलून बघा. म्हटलं, तुला ती बरोबर की चूक कसं कळणार? मुद्दा बिनतोड होता.

८ मार्च, बुधवार
जिंकलो!
गालिनाबाई चहाच्या वेळी एकेकाशी बोलल्या. अजयशी पाच मिनिटं रशियनमध्ये. तो अडखळला, चुकला, हातवारे केले. मग मी. मी सरळ इंग्रजीत सुरुवात केली: अस्वल, आठवडा, डॉक्टर, खिडकी. बाईंचा चहा गार झाला तरी लक्ष नाही. म्हणाल्या, हे शब्द मी रोज वापरते, त्यांच्यात एवढं दडलंय हे कधी मनात आलं नाही. मग एकदम रशियनमध्ये काहीतरी म्हणाल्या. त्यातल्या तीन शब्दांची कुळी मला जागच्या जागी ओळखू आली. स्तुती होती हे तर चेहऱ्यावरच दिसत होतं. आपल्याकडे स्तुती झाल्यावर माणूस काय करतो? छातीवर हात ठेवून म्हटलं, न्येत, न्येत! म्हणजे आपलं कसचं कसचं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या, जरा आग्रहाने. मी आणखी लाजून, न्येत. तिसऱ्यांदाही तसंच. शेवटी बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.
शनिवारी जाड कोट बघायला हवा.

१४ मार्च, मंगळवार
नीनाची मेल. अजय जातोय. माझ्याबद्दल एकच ओळ: तुमच्या निर्णयाचा आदर आहे, खाजगी कारणं विचारणार नाही. कसला निर्णय? शुद्ध पॉलिटिक्स! दुपारभर धुमसत होतो. गालिनाबाईंनी जाताना माझ्यासाठी चिठ्ठी ठेवलीय, हाताने लिहिलेली. अक्षर लागत नाही. माझा अभ्यास छापील रशियनचा.

१८ मार्च, शनिवार
अजय निरोप घ्यायला घरी आला. नाइलाजाने चिठ्ठी त्याच्या हातात दिली. सीडीत हस्ताक्षराचाही धडा होता म्हणे. थांबत थांबत त्याने अर्थ सांगितला. आमच्याकडे वर्षभर याल का, असं बाईंनी मला तीनदा विचारलं. मी तीनदा छातीवर हात ठेवून नाही म्हणालो. त्यांना मीच हवा होतो. पण तरुण सहकाऱ्याला संधी मिळावी म्हणून मी नकार दिला असेन, तर अशी माणसं आता कमी आहेत.
अजयचे डोळे भरून आले. सर, तुम्ही माझ्यासाठी जागा सोडलीत, म्हणाला, आणि वाकून नमस्कार केला.
अजून वेळ होता. नीनाला फोन करता आला असता. पण सांगणार काय? एवढं एक साधं वाक्य मला कळलं नाही, हेच. अजयच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, यशस्वी हो.
शिल्पा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. अजय गेला. कपबशा विसळून आली आणि पुण्याची तिकिटं कधीची काढायची, एवढंच विचारलं.