अण्णांची फळी

तीर्थस्वरूप दादास,

उभ्याउभ्याच साष्टांग नमस्कार (वाकलो तर पुन्हा सरळ होण्याची हमी नाही). तुझा रक्तदाब आणि वहिनींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो.

एक घोर अन्याय तुझ्या कानावर घालायचा आहे. मला माझ्याच घरात पुढच्या दाराने शिरता येत नाही. मागच्या मोरीतून, खरकट्या भांड्यांना वळसा घालून चोरासारखं यावं लागतं, कारण पुढच्या पायऱ्यांवर तुझ्या लाडक्या पुतणीची प्रयोगशाळा आहे. शाळेने उतारावरून खेळण्यातल्या गाड्या सोडून बघायला सांगितलंय. फळी तीच, अण्णांच्या चाकांच्या खुर्चीसाठी सुताराकडून करून घेतलेली. (अर्धांगाचा झटका आल्यापासून अण्णांनी उंबरा ओलांडलेला नाही. "मला सामानासारखं उतरवू नका," म्हणून भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. फळी आम्ही कोळ्यांना राहायला दिली होती.)

तर ही आमची खारूताई गाडी वरच्या टोकाला धरते आणि मला ढ मुलाला शिकवावं तसं शिकवते. "बाबा, ही उंचावर आहे ना, म्हणून हिच्यात ऊर्जा साठलीय. सोडली की तीच धावायला लागते." मी म्हटलं, साठलेलीच बरी, आपलं अख्खं घराणं त्यावरच जगतंय. तिने फळी एकेक पायरी वर चढवली, तशा गाड्या लांब लांब जायला लागल्या. शेवटी तुझा लहानपणचा लाल ट्रक शेजारच्या काकूंच्या कुंडीवर जाऊन आदळला. तेवढ्यात आतून आवाज आला, "अगं, ओझं भरून सोड की!" दादा, कित्येक महिन्यांत अण्णा आपणहून बोलले नव्हते. स्वयंपाकघरात हिच्या हातातलं पातेलं निसटलं.

ओझं म्हणून मग ते स्वतःच तयार झाले. खुर्ची मागून मी धरली होती (खरं तर खुर्चीनेच मला धरलं होतं). आम्ही दोघे काकूंच्या कुंडीपाशी थांबलो, म्हणजे कुंडीने आम्हाला थांबवलं आणि त्यात तिचे दोन तुकडे झाले. अण्णा खदखदून हसले, आणि हसता हसता रडायला लागले. हे ऊर्जेचं कुठलं रूप, ते खारूताईच्या पुस्तकात नाही.

बाकी सर्व क्षेम. मुद्दाम यायची काही गरज नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. उतरलो ते लिहिलं, चढणं राहिलं. परत वर ढकलताना फळीच्या मध्यावर माझी कंबर धरली. खुर्ची वरही जाईना, खालीही सोडवेना. अण्णांनी चालत्या हाताने कठडा पकडून ठेवला होता. पोस्टमन आला म्हणून सुटलो. तेव्हापासून अण्णांचं तोंड पुन्हा भिंतीकडे आहे. काल खारूताईने विचारलं, "आजोबा, जायचं का खाली?" तर म्हणाले, "थोरला आला की बघू." खाली न्यायला मी एकटा पुरतो रे. वर आणायला दोघं लागतात. रविवारी येशील?

आणखी एक. काकूंच्या दारात सकाळी नवी कुंडी ठेवून आलो. रोप त्यांचंच लावलंय, जगेलसं वाटतं. बेल वाजवली नाही.