नवसाचा गोल

॥ श्री नगद नारायण प्रसन्न ॥

नांदूरघाट, ता. केज
९ जून २०२५

चि. सौ. सुरेखास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडे आम्ही बरे आहोत, तुम्ही तिघेही तिकडे सुखरूप असाल असे धरून चालतो.

हे फोनवर बोलण्यासारखं नाही. फोन वाजला की आई शेजारी येऊन बसते आणि ऐकू येत नसलं तरी माझ्या तोंडाकडे बघून सगळं ओळखते. शिवाय छत्तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलेल्या माणसाला पत्राशिवाय मन मोकळं करता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

आईच्या उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. काटा निघाला, पण साखरेच्या आजारामुळे जखम भरत नाही. केजच्या डॉक्टरांनी अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही म्हणून दम भरला, तरी ती चपलेला पाय लावत नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. तेरा वर्षांपूर्वी आपला सत्यम फुटबॉलच्या मोठ्या संघात लागला, तेव्हा या खेळात सगळ्यांत मोठी गोष्ट कोणती, असं तिने माझ्या भारतला विचारलं होतं. तो तेव्हा सहावीत. त्याने सांगितलं, गोल. त्याच आठवड्यात ही नारायणगडावर गेली आणि नातवाने मोठ्यांच्या सामन्यात गोल केल्याशिवाय चप्पल घालणार नाही असा नवस बोलून आली. आम्ही समजत होतो, म्हातारीला अनवाणी फिरायची सवयच आहे.

आता माझा गोंधळ असा. भारत मोबाइलवर बघून सांगतो की सत्यम तीनशेच्या वर सामने खेळला आणि त्याच्या नावापुढे गोल शून्य आहे. मग तेरा वर्षं पगार घेऊन हा पोरगा तिथे करतो तरी काय? रागावू नकोस, पण एखादा गोल त्याला लवकर जमेल का? यानरावांना नमस्कार सांग. आमचे स्वीडिश जावई तेवढे शांत, त्यांना हा पेच समजावू नकोस, झोप उडेल.

कळावे. बहिणीच्या पत्राकडे डोळे लावून,
तुझा दादा,
उत्तरेश्वर

*

२९ जून २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि आईच्या पायाला हात लावावा असं वाटलं. मी इथे स्वीडनच्या इस्पितळात तीस वर्षं परक्यांच्या जखमा बांधते आणि तिची जखम मला पत्रातून कळते.

सत्यमचं काम तुला एकदा नीट सांगते. तो मधल्या फळीत खेळतो आणि त्यातही मागे. समोरच्याचा चेंडू अडवायचा, आपल्या माणसाला द्यायचा, की झालं. आपले सटवाकाका मेंढरं घेऊन निघत, तेव्हा ते ना पुढे असत ना मागे. एकही मेंढरू दुसऱ्याच्या ज्वारीत शिरलं नाही की त्यांचा दिवस भरला. गावाने त्यासाठी त्यांना कधी शाबासकी दिली का? तसंच हे.

सहाव्या वर्षी तो गावच्या क्लबात गेला, अठराव्या वर्षी पहिला करार झाला. मग दोन वर्षं संघाने त्याला उत्तरेकडच्या एका गावाला खेळायला दिलं, जिथे हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर पहिल्या वर्गाच्या संघाचा पाच वर्षं कर्णधार होता. आता एकतिसाव्या वर्षी तो दुसऱ्या वर्गात, आमच्या गावच्या संघात परत आलाय आणि हा त्याचा शेवटचा हंगाम आहे. एवढं सगळं झालं आणि माझ्या आईने नेमकं तेच मागितलं, जे त्याचं कामच नाही.

दादा, सरळ सांगून टाक तिला, केला म्हणून. देव समजून घेईल. सत्यमला यातलं काही कळवत नाही, त्याच्या डोक्याला आधीच ताप आहे.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशी असू द्यावी.
तुझी,
सुरेखा

*

नांदूरघाट
२१ जुलै २०२५

चि. सौ. सुरेखास,

अ. उ. आशीर्वाद. तू सांगितलंस तसं केलं आणि तोंडावर पडलो. आईच्या कानाशी ओरडून सांगितलं की सत्यमने गोल केला. तिने शांतपणे विचारलं, कोणत्या पायाने. मी म्हणालो उजव्या. सत्यम लहानपणी इथे आला होता तेव्हापासून डावखुरा आहे, हे तिच्या लक्षात आणि माझ्या नाही. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. साठी उलटलेल्या माणसाला आईने तसं पाहू नये.

पण थट्टा राहू दे. करंगळी काळी पडते आहे. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर बोट काढावं लागेल, आणि पुढचं ते बोलत नाहीत. शेजारची वच्छलाबाई रोज हळद बांधते. आई रोज त्याच पायाने गोठ्यात जाते. तिला समजावू की देवाला, हेच मला कळेनासं झालं आहे. सत्यमला सांग. आजी त्याची आहे आणि पाय त्याच्या नावाने गहाण पडलाय.

भाच्यावर भार टाकल्याबद्दल राग धरू नये.
तुझा,
दादा

*

१० ऑगस्ट २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. सत्यमला सांगितलं. आधी तो पोट धरून हसला. मग आजी तेरा वर्षं उन्हाळ्यातसुद्धा अनवाणी होती का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटल्यावर जेवण तसंच ठेवून उठला.

त्याने प्रशिक्षकांकडे पुढे खेळायची परवानगी मागितली. त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. पेनल्टी मारू द्या म्हणाला, तेही नाही, कारण त्या मारणारा ठरलेला आहे. कारण सांगितलंस का, असं मी विचारलं, तर म्हणाला, आजीच्या चपलेसाठी गोल हवाय हे स्वीडिश भाषेत कसं सांगायचं, ते तूच शिकव. मलाही जमलं नाही.

मागच्या तीन सामन्यांत मात्र तो आपली जागा सोडून पुढे धावतोय. वर्तमानपत्राने लिहिलं की म्हाताऱ्या घोड्याला काय झालंय कळत नाही. यान माझ्याकडे बघतो आणि मी खिडकीकडे बघते. आई बरी व्हावी आणि पोराची अब्रूही राहावी, दोन्ही एकदम मागते आहे.

आईच्या पायाला माझा नमस्कार. तो जपून कर.
तुझी,
सुरेखा

*

॥ श्री नगद नारायण प्रसन्न ॥

नांदूरघाट
१५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुरेखास,

अनेकानेक आशीर्वाद. सुरे, झाला गं बाई गोल. परवाच्या सामन्याचा निकाल भारतने काल सकाळी मोबाइलवर पाहिला. गोल करणाऱ्यांच्या यादीत सत्यमचं नाव, एकाहत्तरावं मिनिट. तो ओरडतच गोठ्यात गेला. आईने या वेळी पाय विचारला नाही, भारतचं तोंड बघितलं आणि हातातली वैरण खाली ठेवली.

तेरा वर्षं खुंटीला टांगलेल्या तिच्या चपला कडक होऊन गेल्या होत्या, म्हणून आपल्या गड्याला, सोमनाथला, नेकनूरच्या बाजाराला पिटाळून मऊ जोड आणवला. मग सगळे जीपने गडावर गेलो. तिथे नारळ फोडून तिने चप्पल घातली आणि नव्या नवरीसारखी अडखळत चालली. मला रडू आलं, लपवत नाही. तूही फोनवर भारतशी बोलता बोलता रडलीस आणि फोन ठेवून दिलास. आनंदाने असं होतंच.

सत्यमला मामाचे शंभर आशीर्वाद. एवढं सुख दिलंत, आता आणखी काय मागू?
तुझा,
दादा

*

१६ सप्टेंबर २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. भारतचा फोन आला तेव्हा मला बोलता आलं नाही. मी आनंदाने रडले नाही, दादा.

तो गोल सत्यमने आपल्याच जाळ्यात घातला. शनिवारी तो असाच पुढे गेला होता. मागे जागा मोकळी राहिली, समोरचे सुटले. हा जिवाच्या आकांताने परत धावला, पाय घातला आणि चेंडू त्याच्या डाव्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला. या खेळात असा गोलही करणाऱ्याच्याच नावावर लिहितात. संघ एका गोलाने हरला. आपल्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तेरा वर्षं शून्य, आणि नावावर लागला तो हा.

तीन दिवस तो खोलीबाहेर आलेला नाही. उरलेले सामने खेळणार नाही म्हणतो. सोबत त्याची चिठ्ठी आहे, आईच्या नावाने, त्याच्या हातच्या वाकड्या मराठीत. आईला द्यायची की नाही ते तू ठरव. आईने पुन्हा चप्पल काढली तर मी काय करू?

सांभाळून घ्यावे.
तुझी,
सुरेखा

*

नांदूरघाट
४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सुरेखास,

अ. उ. आशीर्वाद. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. चिठ्ठी फाडून टाकावी असंही मनात आलं. पण वर नाव होतं श्रीमती जानकीबाई. छत्तीस वर्षांत वाईट बातमीचीसुद्धा एकही टपाल मी दडवलं नाही, ज्याचं त्याच्याच हाती दिलं. शेवटी भीत भीत आईला वाचून दाखवली. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या: आजी, तो गोल चुकीचा आहे, आपल्याच जाळ्यात गेला. मला माफ कर.

पुढचं तिने सांगितलं तसं उतरवलं आहे. एक शब्द बदलला नाही. सत्यमला मोठ्याने वाचून दाखव.
तुझा,
दादा

सत्यम लेकरा,

आजीचा आशीर्वाद. मामा लिवतोय, म्या बोलतेय. तुजी चिठ्ठी पयल्यांदा वाचली तवा मला कायबी समजलं न्हाई. आपलं जाळं, दुसऱ्याचं जाळं, मला काय ठावं? मग भारतनं अंगणात चार विटा मांडून दावलं. तवा लई वंगाळ वाटलं. म्या चपला काढल्या अन् उंबऱ्यापाशी बसले.

बसून इचार केला की गडावर म्या नेमकं काय बोलले हुते. माज्या नातवानं मोठ्यांच्या सामन्यात गोल केला पायजे, एवढंच बोलले. कुणाच्या जाळ्यात ते सांगितलंच न्हाई. दोन जाळी असत्यात हेच मला ठावं नव्हतं. देवानं माजा शबूद राखला अन् फजिती तुजी झाली. चूक माजी हाय. माफी म्या मागायची, तू कावून मागतोस?

मामा म्हनतो तुजं काम राखणीचं हाय. हे आदी कुणी सांगितलं असतं तर म्या तसला नवस बोललेच नसते. तुज्या आज्यानं जलमभर रानात राखण केली. एक साल रानडुकरं शिरली अन् ज्वारी गेली. गाव त्या सालाचंच बोललं. बाकीच्या सालांची भाकर म्या खाल्ली हाय, मला ठावं हाय.

चपला परत घातल्या. डागदर म्हनला बोट ऱ्हातंय. तिकडच्या लोकांस्नी काय म्हनायचं ते म्हनू दे, हिकडं तुज्या गोलानं म्हातारी चालती हाय. आता भायेर ये अन् जेव. ऱ्हायलेलं खेळ अन् आपल्या जागेवर खेळ, म्होरं जाऊ नगं. म्या आता दुसरा नवस बोलत न्हाई. मला तुजा खेळ समजत न्हाई.

जीव लावलाय तसा लावून ठेव.

जानकीबाई, हिचा डाव्या हाताचा अंगठा