भागीरथीचा बाप्तिस्मा

कल्याण, माघ शके १८०१

चिरंजीव विसूस,

आशीर्वाद लिहावा की नाही, ते ठरत नाही. तू खाडीत बुडी घेऊन ख्रिस्ती झालास. तुझी बायको वारल्यापासून माझ्याजवळ वाढलेली तुझी लेक भागीरथी आता परत मागतोस. तिलाही बुडवाल, या संशयाने काल मी तुमच्या पाद्र्यांना गाठलं.

ते म्हणाले, "बाई, आम्ही लेकरांना बाप्तिस्मा देत नाही. कळती झाल्यावर तिनं स्वतः मागितला, तरच."

"आणि नाही मागितला तर?"

"तर नाही."

माझा विश्वास बसला नाही. ओढून नेणाऱ्याशी मी भांडले असते. वाट पाहणाऱ्याशी कसं भांडू?

घरी येऊन पोरीला विचारलं, "बाबांकडे जायचंय?" तिने लगेच चोळी-परकर गोळा केले.

हे पत्र न पाठवता माझ्याजवळच ठेवते, तिला धाडते. दर रविवारी तुमच्या प्रार्थनाघराच्या दाराशी मी उभी असेन, तिला न मागता कुणी बुडवत नाही ना ते पाहायला.

तुझी,
अंबूताई