सुईसाठी चढलेला डोंगर

प्रिय हौसा,

तुला नावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ. आधी ‘अगं ए’ आणि पोरगी झाल्यावर ‘मालूची आई’, एवढ्यावर आपला संसार निभावला. बाळंतपणाला तू वडगावला माहेरी गेलीस, तेव्हा मी तुझ्या वडिलांना ऐसपैस पत्रं लिहायचो आणि तळाशी ‘सौ. ला आशीर्वाद’. परत आल्यावर तू विचारलंस, “लगीन माझ्या बाबासंगं झालंय व्हय तुमचं?” तर हे घे, तुझ्या एकटीच्या नावाचं पत्र. तू जाऊन वर्ष होत आलं, फार उशीर झाला. पण आज लिहिल्याशिवाय राहवेना.

आज मालू तिच्या बाळाला घेऊन दवाखान्यात गेली होती, पोलिओच्या डोसाला. मी सोबत होतो. पलीकडच्या गल्लीतल्या पोराचा पाय लुळा पडल्यापासून सगळ्या आया डोसासाठी धावतायत. उन्हात ताटकळून आमचा नंबर आला आणि आतला माणूस म्हणाला, “डोस संपला. पुढच्या आठवड्यात बघा.” मागच्या आठवड्यातही हेच! तेवढ्यात मोटारीतून उतरलेल्या एक बाई मागच्या दारानं आत गेल्या आणि कडेवरच्या बाळाला डोस पाजून हसतमुखानं बाहेर आल्या. मी आपला नेहमीसारखा मूग गिळून उभा. आणि माझ्या कानाशीच कडाडलं, “संपला तर त्यास्नी कुठनं दिलासा? त्यांच्या पोराचं पाय त्येवढं पाय, आणि आमच्या पोराचं काय लाकडं हायत?”

मी दचकून मागं वळलो. खरं सांगतो, तूच आलीस असं वाटलं! मालू होती. एरवी हळू बोलणारी आपली मालू.

तुला पटकीची ती साथ आठवते का गं? न आठवून कसं चालेल! आदल्या वर्षी तुझा धाकटा भाऊ बापू त्या रोगानं गेला. लस शहरात आली होती, वडगावला निघालीय असं सगळे सांगत होते. ती वाटेवरच राहिली आणि तुझा धडधाकट भाऊ गेला. तेव्हापासून तू जोतिबाशी अबोला धरलास. भिंतीवरची तसबीर काढली नाहीस, रोज पदरानं पुसायचीस, पण हात जोडणं बंद. मी एकदा समजूत घालायला गेलो, तर म्हणालीस, “आमच्या दोघांतलं हाय. तुमी मदी पडू नगासा.”

आणि मग पटकी आपल्या मंगळवार पेठेत आली. मालू नुकती पावलं टाकायला लागली होती. दवाखान्याच्या दारावर ‘कॉलऱ्याची लस शिल्लक नाही’ अशी पाटी. बंगल्यांतून मात्र डॉक्टर घरी जाऊन टोचत होते, आणि आमच्या कचेरीतही सगळ्यांना टोचलं. मी सुजलेला दंड घेऊन घरी आलो. “तुमच्या फायलीस्नी बी टोचलं का? त्यास्नी बी पटकी हुईल की!” म्हणालीस आणि मालूला छातीशी धरून रडायला लागलीस. तुझं ते रडणं मी विसरलो नाही.

तेवढ्यात जोतिबाची चैत्रातली यात्रा आली आणि गल्लीत बातमी पसरली की टोचून घेतल्याशिवाय डोंगरावर सोडत नाहीत, म्हणजे पायथ्याला लस आहे. मी भीत भीत म्हणालो, “पण तुझा तर अबोला.” तू पटकन उठलीस. “देवाच्या दारात जात न्हाई मी. सुईच्या दारात जातो की!”

पायथ्याला ही गर्दी! तुला टोचलं, मालूला टोचलं. मालू किंचाळली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, चला आता माघारी. तेवढ्यात टोचणारा माणूस वैतागून शेजाऱ्याला म्हणाला, “गावातली लोकं निस्तं टोचून माघारी पळाय लागल्यात. वर जाणाऱ्यास्नी काय देऊ मी, पावणं?” तू थांबलीस. मी तुझा हात ओढला, पण तू हलेनास. “वर जाणाऱ्याच्या वाटणीचं घेतलंय न्हवं आपण? मग चढाय पायजे. न्हाईतर त्या बंगलेवाल्यांत आणि माझ्यात फरक काय ऱ्हायला?”

आणि दुखरा दंड, अंगात कसकस, कडेवर लेक, अशी तू तो डोंगर चढलीस. मी मालूला घेतो म्हटलं तरी दिली नाहीस. काय हट्टी बाई गं तू!

देवापुढं उभी राहिलीस, पण हात जोडले नाहीस. भरल्या देवळात खणखणीत बोललीस, “बापूला मिळाली न्हाई, मालूला मिळाली. का? ही तुझ्या दारात आली म्हणून? दारात यील त्येला आणि घरात बशील त्येला सारकं दे. मग बोलतो तुझ्यासंगं.” तू वळून चालायला लागलीस. गुलाल लावून घ्यायचा नव्हता तुला, पण यात्रेतला गुलाल कुणाला विचारून पडतो होय! घरी आलीस ती डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी, आणि वर रागावलेली. किती सुंदर दिसत होतीस! तुला सांगायचं राहून गेलं. मालू वाचली ती तुझ्यामुळं, हेही सांगायचं राहिलं.

एक तक्रार आहे. सगळ्यांसाठी भांडलीस, मग तुझ्या शेवटच्या दुखण्यात काय झालं? दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणालीस, “माझ्या मागं पोरंसोरंवाली हायत, त्यास्नी आदी जाऊ द्या.” हे काय गं! एकदा, फक्त एकदा स्वतःसाठी ओरडायचं होतंस. मी तरी ओरडायला हवं होतं.

मालूच्या आवाजानं रांगेतल्या बायकांनाही कंठ फुटला. शेवटी आतून निरोप आला, उद्या सकाळी डोस येतोय, रांगेनंच देऊ. मालूनं मागच्या दारालाच उभी राहते म्हणून सांगितलंय.

उद्या मीही जाणार आहे. पुन्हा ‘संपला’ म्हणाले, तर या वेळी मालूच्या आधी मी बोलेन. मला जमेल तेवढं मोठ्यानं बोलेन, हसू नकोस. आणि बाळाला डोस मिळाला की जोतिबाला जाऊन येईन. घाबरू नकोस, तुझा अबोला मोडणार नाही, तो मोडणारा मी कोण? देवाला एवढंच सांगेन, हौसा अजून वाट बघतेय.

तुझाच,
मालूचा बाबा